पिठाला वारा लागू नये म्हणून

मागच्या अंगणातला खताचा डबा काही केल्या गरम होत नव्हता आणि रविवारी सासरे घर सोडून जायला निघणार होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे घरात फक्त सुनेच्या लक्षात आलं होतं.

डबा म्हणजे कमरेइतक्या उंचीचं काळ्या प्लास्टिकचं चौकोनी खोकं. तळ उघडा, वर बिजागरीचं झाकण, चारही बाजूंना बोटभर रुंदीच्या फटी. स्वयंपाकघरातली सालं आणि देठं, कापलेलं गवत आणि वाळका पाला त्यात नीट बेताने घातला की आतला ढीग आपोआप तापतो, हात धरवणार नाही इतका तापतो, आणि काही आठवड्यांनी त्याचं काळं भुसभुशीत खत होतं. निदान विकणाऱ्याने तरी असंच सांगितलं होतं.

डबा आणला सुनेने, पण बागेच्या हौसेने नाही. बाग म्हणावी असं त्या अंगणात काही नव्हतंच: कपडे वाळत घालायची तार, कढीपत्त्याचं एक झाड आणि एक रिकामा वाफा. डबा आणला तो सासऱ्यांसाठी.

सासऱ्यांनी उभं आयुष्य लाकडाच्या भट्टीसमोर काढलं होतं. दुसऱ्या गावात त्यांची बेकरी होती. पहाटे सगळं गाव झोपलेलं असताना ते मैद्यात कोपरापर्यंत हात घालून उभे असत. गेल्या वर्षी छातीने दगा दिला. मैद्याची धूळ फुप्फुसात बसली आहे, यापुढे एक पोतंसुद्धा उघडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आणि बेकरी बंद झाली. मुलाने त्यांना आपल्या घरी आणलं. मैद्याच्या पोत्याचं कापड धुऊन शिवलेल्या दोन मोठ्या थैल्या, एवढंच सामान घेऊन ते आले. सुनेने कपाटाचा एक अख्खा कप्पा त्यांच्यासाठी मोकळा करून ठेवला होता. तो मोकळाच राहिला. थैल्या पलंगाच्या पायथ्याशी उभ्या असत आणि सासरे रोज त्यातूनच सदरा काढत, त्यातच घडी करून ठेवत.

“कपाटात लावा की बाबा,” ती म्हणायची.

“कशाला? चार दिवस आलेल्या माणसाने पसारा करू नये.”

चार दिवसांचे कित्येक महिने झाले तरी वाक्य तेच होतं.

पहाटे उठायची सवय मात्र गेली नाही. सुनेला हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत पहिल्या पाळीला जावं लागे. ती अंघोळीला उठायची तेव्हा सासरे अंधाऱ्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेले असत. दिवा नाही, रेडिओ नाही, दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवलेले. ते हात तिला पाहवेनात. म्हणून तिने डबा आणला, अंगणात ठेवला आणि सांगितलं, “बाबा, हे मला जमणार नाही. तुम्ही बघा. फक्त तोंडाला फडकं बांधून.”

सासऱ्यांनी डब्याभोवती एक फेरी मारली. “आग न लावता तापतं म्हणतेस?”

“तापतं म्हणे.”

“बघू,” ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून डबा त्यांचा झाला. भाजीची देठं ते सुरीने बारीक चिरू लागले. सुनेच्या हातून एखादं साल चुकून कचऱ्यात गेलं तर उचलून आणू लागले. जेवताना बोलू लागले. मुलगा लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा आणि दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून घरी आल्यावर त्याला शांतता हवी असायची, पण वडिलांच्या तोंडून पाल्याचं आणि गवताचं प्रमाण तोही मुकाट ऐकून घ्यायचा.

ढीग मात्र तापला नाही.

सुनेने एक एक कारण काढून पाहिलं. प्रयोगशाळेत मशीन चुकीचा आकडा दाखवू लागलं की ती तसंच करायची: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि थांबायचं. ओल जास्त असेल म्हणून मूठभर ऐवज घेऊन पिळला तर बोटांतून पाणी निथळलं. वाळका पाला वाढवला. ढीग लहान पडत असेल म्हणून आळीतल्या घरांतून कापलेलं गवत मागून आणलं आणि डबा काठोकाठ भरला. गंमत म्हणजे काठोकाठ भरलेला डबा दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा अर्धाच दिसे. “मुरतंय,” सासरे म्हणत. लांब दांड्याचा थर्मामीटर खुपसून पाहिला तर आतला आकडा बाहेरच्या हवेइतकाच. वर पसरलेलं ओलं फडकं तिने पाहिलं होतं. ओल टिकावी म्हणून घातलं असेल, असं समजून तिने ते तसंच राहू दिलं होतं.

ढीग नुसता थंडच नव्हता. त्याला वास येऊ लागला होता, आणि तो सडल्याचाही नव्हता. आंबूस, डोक्यात जाणारा.

भिंतीपलीकडे एक निवृत्त मुख्याध्यापिका राहायच्या. आळीत सगळे त्यांना हेडबाई म्हणत. त्यांनी एक दिवस भिंतीवरून डोकं वर काढलं.

“काय हो पाववाले, खरं सांगा, दारू गाळताय का?”

“खत करतोय.”

“खताला असा वास? माझे चुलतसासरे घेत असत, मला हा वास चांगला ओळखू येतो. माझ्या धुतलेल्या चादरींना येतोय. काल रात्री मला झोप इतकी छान लागली की मलाच शंका आली.”

सून हसली. सासरेही हसले, पण झाकण लावताना त्यांनी ते दोनदा दाबून पाहिलं.

त्याच आठवड्यात मुलगा जेवताना म्हणाला की बेकरीची जागा भाड्याने घेणारा माणूस मिळालाय, रविवारी जाऊन किल्ल्या देऊन येतो. सासऱ्यांनी ताटातलं संपवलं, पाणी प्यायले आणि म्हणाले, “मीही येतो. वरची खोली आपल्याकडेच आहे ना? तिथे राहीन.”

“तिथे एकटे काय करणार तुम्ही?”

“इथे काय करतोय? एक डबा सांभाळायला दिला होता तुम्ही मला. तोही थंड.”

ते हसत म्हणाले म्हणून मुलाला ती थट्टा वाटली. “बाबा, माझ्या अर्ध्या लिफ्टा बंद असतात, मी काय घर सोडून जातो का?” असं म्हणून त्याने आमटी वाढून घेतली. रात्री अंथरुणं घालताना सुनेला दिसलं की पलंगाच्या पायथ्याच्या थैल्यांपैकी एकीचं तोंड सुतळीने बांधलेलं आहे.

ती नवऱ्याला म्हणाली, “ते खरंच जातायत.”

“अगं, बोलतात तसे.”

“तुझी ओळख व्हायच्या आधीपासून मी ओळखते त्यांना,” ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

लग्नाच्या आधी ती त्या दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात शिकाऊ म्हणून होती. आईवडील लांब, ओळखीचं कुणी नाही, खोलीला उत्तरेचा वारा. रात्रपाळी संपवून परतताना वाटेत बेकरी लागायची. एका पहाटे ती नुसती दाराशी हात चोळत उभी राहिली. आतल्या माणसाने वर न पाहता पायाने एक स्टूल भट्टीसमोर सरकवलं. “बस. हात शेक.” मग पहिल्या भट्टीतला एक पाव मोडून कागदावर ठेवला. तू कुणाची कोण, असं काही विचारलं नाही. सगळा हिवाळा ते स्टूल तिथेच होतं. कामावरची पोरं चुकली की हा माणूस कसा बोलतो, हेही तिने त्या स्टुलावर बसूनच ऐकलं. आवाज चढवायचा नाही, पण लपवाछपवीही नाही. “पाव जळलाय. तू नाही जळलास. पुढची भट्टी लाव.” मुलाची भेट पुढे केव्हातरी झाली. मी सासरा आधी पसंत केला आणि नवरा त्याच्याबरोबर आला, असं ती चारचौघांत सांगायची, आणि नवराही ते कौतुकाने ऐकून घ्यायचा.

शुक्रवारी तिची सुट्टी होती. सुट्टीला ती एरवी उशिरापर्यंत झोपे. त्या दिवशी मात्र नीट उजाडायच्या आत तिला एका आवाजाने जाग आली. धप्. जरा थांबून पुन्हा धप्. अर्धवट झोपेत तिला वाटलं आपण त्या स्टुलावरच बसलोय. मग ती ताडकन उठून बसली, कारण तो आवाज तिच्या पक्क्या ओळखीचा होता. मळलेल्या पिठाचा गोळा फळीवर आपटल्याचा तो आवाज होता.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून अंगण दिसत होतं. डब्याचं झाकण उघडं होतं. सासऱ्यांनी तोंडाला फडकं बांधलं होतं, बाह्या कोपरावर सारल्या होत्या आणि दोन्ही मुठी ढिगात रोवून ते सगळं अंग त्यावर टाकत होते. कडा आत दुमडल्या, पुन्हा दाबलं. आतला एक मोठा गठ्ठा उचलून आपटला, पुन्हा दाबलं. हात चाळीस वर्षांच्या सवयीने चालले होते आणि चेहरा, फडक्याच्या वर जेवढा दिसत होता तेवढा, सुखी होता. मग त्यांनी ओलं फडकं पिळून ढिगावर पसरलं, कडा लहान मुलाला पांघरूण घालावं तशा खोचल्या. शेवटी खिशातून जुन्या चादरीच्या, डब्यासारख्याच काळ्या पडलेल्या चिंध्या काढल्या आणि डब्याच्या फटींमध्ये आतल्या बाजूने एक एक करून बसवल्या.

सून अंगणात आली.

“लवकर उठलीस?” सासऱ्यांनी विचारलं. “चहा टाकतो.”

“राहू दे चहा. बाबा, हे रोज करता?”

“रोज. दाबलं नाही तर वायू साचतो आतमध्ये.”

“आणि या चिंध्या?”

“वारा लागला की पीठ मरतं. तू बघितलंयस की. थंडीत मी दुकानाच्या दाराला पोतं टांगायचो.”

मग तिला त्या वासाचं आठवलं. “आणखी काही घालता का यात?”

सासऱ्यांनी हात झटकले. जरा वेळ त्यांनी कढीपत्त्याच्या झाडाकडे पाहिलं.

“थोडं यीस्ट. साखरेच्या पाण्यात फुलवून. तू हसशील म्हणून बोललो नाही.”

तिला हसू आलं नाही. सगळी कारणं एकदम समोर आली होती. गवत आणि पाला बरोबर होता, ओलही आता बरोबर होती. पण दाबून दाबून ढिगातली सगळी हवा गेली होती, आणि हवा आत यायच्या वाटा चिंध्यांनी बुजल्या होत्या. आत कसलं तापतंय? नुसतं आंबत होतं. तिने किती जरी पाला वाढवला असता तरी तो दुसऱ्या पहाटे चेपलाच गेला असता.

हे सांगावं कसं? गप्प बसावं तर डबा थंडच राहणार आणि रविवारी हे गाडीत बसणार. सांगावं तर ज्या एका कामात या माणसाला पुन्हा गोडी वाटली ते त्याच्याच हाताने बिघडलं असं होणार, आणि मग तर नक्कीच बसणार. गुपचूप चिंध्या काढून टाकाव्यात, पाल्यालाच दोष द्यावा, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण त्या बेकरीत कुणी कुणाला असं फसवलं नव्हतं.

“बाबा,” ती म्हणाली, “ढीग तुमच्या दाबण्याने बिघडलाय. याला हवा लागते. पीठ नाही हे.”

सासऱ्यांनी नुकतीच बसवलेली एक चिंधी बोटाने चाचपली.

“ढीग बिघडलाय. तुम्ही नाही बिघडलात. पुढची भट्टी लावू या.”

आपलंच वाक्य आहे हे त्यांच्या लक्षात आलं की नाही, ते दिसलं नाही. त्यांनी तोंडावरचं फडकं सोडलं, त्याची घडी घातली आणि ते आत गेले. मागे दार लागलं. सून डब्यापाशी तशीच उभी राहिली. आतून काही हलवल्याचा, सुतळी ओढल्याचा आवाज आला. आपण चूक केली, असं तिला तेव्हा अगदी नक्की वाटलं.

दार उघडलं. सासऱ्यांच्या हातात थैली नव्हती, सळई होती. बेकरीत निखारे सारायला वापरायचे ती, टोकाला काळी पडलेली, लांब लोखंडी सळई. थैलीच्या तळाशी ठेवली होती, ती काढायला सुतळी सोडावी लागली.

“हवा लागते म्हणजे किती?” त्यांनी विचारलं. “खालून? भट्टीला लागते तशी?”

“तशीच.”

“मग आधी का नाही बोललीस?” ते म्हणाले. “मी त्याला बिचाऱ्याला रोज गुदमरवतोय. भट्टी कोंडली तर धूरच देणार. दुसरं काय करणार ती?”

त्यांनी सळई ढिगात खुपसली आणि वर उचकली. चेपलेला थर चामड्यासारखा सुटून आला. वास एवढा सुटला की दोघं दोन पावलं मागे सरली.

डबा उचलून बाजूला ठेवला आणि सगळा ऐवज अंगणात पसरला. आवाजाने मुलगा डोळे चोळत बाहेर आला. “काय चाललंय? कुणाला पुरताय?”

“तुझ्या बापाचं यीस्ट,” सासरे म्हणाले. “बूट घाल आणि काटक्या आण. बोटभर जाडीच्या. ओल्या नकोत.”

काटक्या कुठून आणायच्या हा प्रश्न हेडबाईंनी सोडवला. त्यांचं डोकं भिंतीवर केव्हाचं आलेलं होतं. “कुंपण छाटलंय मी मागच्या महिन्यात. हवं तेवढं न्या. हा वास जाणार असेल तर कुंपणही न्या.” काटक्या त्यांनी स्वतःच मोळ्या करून भिंतीवरून दिल्या. एक मोळी लिफ्टवाल्याच्या डोक्यावर पडली तेव्हा त्या म्हणाल्या, “वर्गातही तुझ्यासारखी मुलं असायची. लक्ष भलतीकडे.”

काटक्या रचल्या सासऱ्यांनी. भट्टीत लाकूड रचतात तशा आडव्या-उभ्या, मधून हात जाईल इतक्या सैल. त्यावर पाला, मग गवत, मग जुना ऐवज गठ्ठे फोडून, पुन्हा पाला. चिंध्या निघाल्या, फटी मोकळ्या झाल्या. सुनेने सवयीने वरचा थर हाताने जरा सारखा केला तर ते ओरडले, “दाबू नकोस! हात मागे. हात मागे घे म्हणतो ना.” आणि लगेच स्वतःच हसले. सगळं भरून झाल्यावर त्यांनी सळई ढिगाच्या मध्यात उभी खोचली आणि आणखी काही केलं नाही. त्यांना सगळ्यात जड ते गेलं असावं. शनिवारी पहाटे ते डब्याशेजारी पाठीमागे हात बांधून उभे असलेले सुनेला दिसले. त्या दिवशी सळई कोमट लागली. उन्हाने असेल, असं ते म्हणाले. थैलीला पुन्हा सुतळी बांधली होती की नाही, हे बघायचं तिला धाडस झालं नाही.

रविवारी सकाळी हवा गार होती. मुलाने गाडी पुसून दाराशी लावली. सून कामावर जायच्या कपड्यांतच अंगणात आली. झाकणाच्या कडेने वाफ निघत होती. पातळच, पण सरळ वर जाणारी.

सासऱ्यांनी सळईच्या मुठीला हात घातला, ती बाहेर ओढली आणि आत रुतलेलं टोक तळहातात धरलं. पटकन सोडलं. पुन्हा धरलं, पुन्हा सोडलं. थर्मामीटर साठाच्या वर गेला होता, पण तो त्यांनी पाहिलाही नाही.

“हेडबाई,” त्यांनी हाक मारली, “जरा हे धरता का?”

हेडबाईंनी भिंतीवरून हात पुढे केला आणि किंचाळल्या. “अहो! चटका बसला की मला!”

“बसला ना?” सासरे म्हणाले. एवढ्या आनंदाने कुणी कुणाला चटका बसल्याचं विचारलं नसेल.

“बसला! आणि वास कुठे गेला?”

बाहेरून हॉर्न वाजला. मागोमाग मुलाची हाक आली. “बाबा, निघायचं ना?”

सून डब्याकडे बघत राहिली. सासऱ्यांनी सळई पुसली.

“तू जाऊन ये,” ते मोठ्याने म्हणाले. “वरच्या खोलीचीही किल्ली देऊन टाक त्याला. सामान ठेवायला होईल. आणि माझं लांब दांड्याचं फावडं भट्टीमागे उभं आहे, ते आण. याला दोन-चार दिवसांनी उलटावं लागेल. हिच्या त्या खुरप्याने होणार नाही.”

मग त्यांनी स्वयंपाकघरातून स्टूल आणलं, डब्यासमोर ठेवलं आणि पायाने जरा पुढे सरकवलं.

“बस,” ते सुनेला म्हणाले. “हात शेक.”

तिची बस निघून गेली. ती पुढच्या बसने गेली आणि कामावर उशिराचं कारण विचारलं तेव्हा तिने खरं ते सांगितलं. कुणाला पटलं नाही.

संध्याकाळी परत आली तेव्हा अंगणात कुणी नव्हतं. सासऱ्यांच्या खोलीतही नव्हतं. पलंगाचा पायथा मोकळा होता. तिने कपाट उघडलं. मोकळ्या कप्प्यात सदरे लावलेले होते, बाह्या आत, घड्या पाव रचावेत तशा कडेला कड लावून.

ती दाराशी आली. आळीच्या टोकाला, रस्त्याकडेच्या झाडांखाली, सासरे वाकून वाळका पाला गोळा करत होते. एक थैली भरून झाली होती. दुसरीचं तोंड हेडबाई धरून उभ्या होत्या आणि सांगत होत्या की पाववाले, दाबून भरा, जास्त मावेल.

“दाबायचं नाही,” सासरे म्हणत होते.